आठ सेलची मोठी आरसी गाडी: मोटर आणि ईएससीच्या दुरुस्तीच्या नोंदी

७ डिसेंबर २०२४

आरसी, म्हणजे रिमोटवर चालणारी गाडी टेबलावर आली. १:५ मापाची, फोर-व्हील ड्राइव्ह, बॅटऱ्या धरून सुमारे १५ किलो. दोन ४एस लिपो पॅक (प्रत्येकी चार सेलच्या लिथियम-पॉलिमर बॅटऱ्या) सिरीजमध्ये, म्हणजे ८एस, नॉमिनल २९.६ व्होल्ट, पूर्ण चार्जला ३३.६. मोटर ब्रशलेस, सेन्सर नसलेली, चार पोलची (रोटरवर चार चुंबकी ध्रुव), ७३० केव्ही (किलोव्होल्ट नव्हे, व्होल्टमागचा वेग). ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर, ८एसपर्यंतचा, २०० अँपिअरचा. स्टिअरिंगला एकच मोठा सर्वो (चाकं वळवणारी वेगळी मोटर).

गाडी काकांची. त्यांनी ती वापरलेलीच घेतली होती. तक्रार त्यांच्याच शब्दांत लिहून घेतली: "जागेवरून उचलताना थरथरते, भरधाव असताना मधेच मरते, आणि दहा मिनिटांत मोटरला हात लावता येत नाही." ईएससी एकदा बदलून झालाय. नव्यावरही तेच, म्हणून आता मोटर बदलायचा विचार चाललाय. मी म्हटलं, "काका, मोटर मागवू नका अजून. आधी मोजून बघू."

थरथर, मधेच मरणं आणि तापणं या तिन्हींचं मूळ एकच असेल असं धरून चालणार नाही. तिन्हींची चौकशी वेगळी करायची आणि जेवढी टेबलावर उरकेल तेवढी टेबलावरच उरकायची. ताशी ८० किलोमीटरने धावणाऱ्या १५ किलोच्या गाडीत सुमारे ३,७०० ज्यूल ऊर्जा असते. अशी गाडी ताबा सोडून कुणाच्या पायावर आली तर खेळणं म्हणून हसण्यावारी नेता येत नाही.

आज बॅटरी लावलीच नाही. फक्त डोळ्यांनी तपासणी. मोटरच्या तीन फेज वायरींपैकी एकीच्या बुलेट कनेक्टरवरचं (गोल पिनेचा जोड) हीट श्रिंक, म्हणजे तापवून आवळलेली प्लास्टिकची नळी, तपकिरी पडलंय, बाकी दोन स्वच्छ. ईएससीच्या बॅटरीकडच्या वायरी कुणीतरी जोड देऊन चांगल्या वीतभर लांबवल्यात, कारण पॅक ठेवायची जागा बदललीय. ईएससीच्या कपॅसिटरांपैकी एकाचं डोकं फुगलंय. ईएससी तसा नवा, म्हणजे त्या कपॅसिटरला बाहेरून काहीतरी त्रास होतोय.

इथे एक गोष्ट लक्षात आली. ईएससी बदलला तेव्हा मोटरच्या बाजूचे बुलेट तेच राहिले, आणि जोड दिलेल्या वायरीही जुन्याच्या काढून नव्याला डकवल्या गेल्या. भाग बदलला, पण संशयाच्या दोन्ही जागा जिथल्या तिथे.

८ डिसेंबर

मोटर बाहेर काढली. सगळ्यात आधी माउंटचे स्क्रू मापले. मोठ्या मोटरला कुणी लांब स्क्रू लावले तर त्यांची टोकं आत वाइंडिंगला टेकतात, इन्शुलेशन खरवडतं आणि फेज मोटरच्या डब्याशी शॉर्ट होते. इथे स्क्रू योग्य लांबीचे निघाले. तिन्ही फेज ते डबा, मल्टिमीटरवर पूर्ण ओपन. शाफ्ट हाताने फिरवला: चुंबकांचे टप्पे एकसारखे लागतात, बेअरिंगची घरघर नाही, शाफ्ट मागेपुढे खेळत नाही. तिन्ही वायरी एकमेकींपासून सुट्या ठेवून फिरवताना जडपणा जाणवला असता तर आतल्या आत वेटोळे शॉर्ट असल्याची शंका आली असती. तसं काही नाही.

मग ड्रिलची चाचणी. माझ्या मते ब्रशलेस मोटरवर एवढी स्वस्त आणि एवढी बोलकी दुसरी चाचणी नाही. शाफ्ट ड्रिलच्या चकमध्ये धरायचा, मोटर व्हाइसमध्ये हलकेच आवळायची, एका ठरलेल्या वेगाने फिरवायची आणि कोणत्याही दोन फेजमधलं एसी व्होल्टेज मोजायचं. मोटर आता जनरेटर झालेली असते.

वेग नेमका किती, हे मल्टिमीटरच सांगतो. चार पोल म्हणजे दोन जोड्या. मिनिटाला १,५०० फेरे असतील तर फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ यायला हवी. ड्रिलचा ट्रिगर ५० हर्ट्झवर स्थिर धरला. ७३० केव्ही म्हणजे व्होल्टमागे मिनिटाला ७३० फेरे, तेव्हा १,५०० ला शिखर सुमारे २.०५ व्होल्ट, मीटरवर आरएमएस (एसीचं परिणामी माप) सुमारे १.४५.

मिळालेले आकडे (फेजना अ, ब, क म्हटलं, तपकिरी ती क): अ-ब १.४५, ब-क १.४४, क-अ १.४५.

एका फेजमध्ये वेटोळे शॉर्ट असते तर त्या फेजचा सहभाग असलेली मापं खाली आली असती. उष्णतेने चुंबकं दुबळी झाली असती तर तिन्ही मापं सारखीच घसरली असती, म्हणजेच केव्ही वाढला असता. मोटर वेगाने फिरते पण जोर नाही आणि करंट मात्र जास्त खाते, अशी मोटर बहुतेक वेळा चुंबकांनी गेलेली असते. इथे दोन्हींपैकी काहीही नाही. मोटर निरोगी आहे. काकांना संध्याकाळी तसं कळवलं.

११ डिसेंबर

तपकिरी हीट श्रिंकचा शोध. साध्या मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर हे होत नाही, कारण अशा मोटरच्या दोन फेजमधला रेझिस्टन्स काही मिलिओहम असतो आणि मीटरच्या प्रोबचा स्वतःचाच त्याच्या कित्येक पट. म्हणून करंट एका वाटेने, माप दुसऱ्या वाटेने. बेंच सप्लायला ५ अँपिअरची करंट मर्यादा लावून तो दोन फेजमधून सोडला आणि मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून व्होल्टेजचा उतार जिथला हवा तिथे प्रोब टेकवून मोजला.

बुलेटच्या आधी, मोटरच्या वायरींवर सोललेल्या जागी: तिन्ही जोड्यांवर २५ मिलिव्होल्ट, म्हणजे ५ मिलिओहम. वाइंडिंग समान आहे, हे दुसऱ्या वाटेनेही पक्कं झालं.

बुलेट धरून: अ-ब २६ मिलिव्होल्ट. ब-क ४१.५. क-अ ४१. क ज्या जोडीत आली तिथे उतार वाढला. नुसत्या क च्या बुलेटवर प्रोब टेकवला तर त्याच्या दोन टोकांत सुमारे १६ मिलिव्होल्ट. ५ अँपिअरला १६ मिलिव्होल्ट म्हणजे ३.२ मिलिओहम. ऐकायला काहीच नाही, पण त्याच जोडातून १०० अँपिअर गेले की तिथे ३२ वॅट उष्णता होते, तीही बोटाच्या पेरापेक्षा लहान जागेत. हीट श्रिंक तपकिरी का पडलं त्याचं उत्तर हेच.

थरथरीशीही याचा थेट संबंध आहे. सेन्सर नसलेल्या मोटरमध्ये रोटर कुठे आहे हे ईएससीला फक्त बॅक-ईएमएफवरून, म्हणजे फिरणारी मोटर स्वतः तयार करते त्या व्होल्टेजवरून, कळतं. सहा टप्प्यांच्या चक्रात एका वेळी दोनच फेजना करंट मिळतो. तिसरी मोकळी असते आणि तिच्यावरचं व्होल्टेज मध्यबिंदू कधी ओलांडतं ते पाहून ईएससी पुढचा टप्पा टाकतो. मोटर थांबलेली असताना बॅक-ईएमएफ शून्य. म्हणजे पहिले काही टप्पे ईएससी अंदाजाने टाकतो, आणि रोटर हलल्यावर मिळणाऱ्या इवल्याशा सिग्नलवरून अंदाज सुधारतो. गाडी १५ किलोची असेल तर तो सिग्नल यायलाच उशीर होतो. त्यात एक फेज बाकीच्या दोघींपेक्षा अशक्त असेल तर चक्रातल्या काही टप्प्यांना ओढ कमी मिळते, रोटर तिथे रेंगाळतो, पुढचा टप्पा चुकीच्या वेळी पडतो आणि मोटर पुढे-मागे थडथडते. त्या थडथडीत करंट मात्र पूर्ण वाहतो.

१४ डिसेंबर

क चा बुलेट काढला. आत ड्राय सोल्डर: वायरच्या बाहेरच्या थरालाच सोल्डर लागलेलं, गाभ्यातल्या तारा कोरड्या. जाड वायर आणि ८ मिलिमीटरचा बुलेट दोन्ही उष्णता शोषून घेतात. छोट्या सोल्डरिंग इस्त्रीने वरचं सोल्डर वितळलेलं दिसतं आणि आतला भाग तापतच नाही.

तिन्ही बुलेट नवे लावले, कारण तापलेल्या बुलेटच्या स्प्रिंगचा ताण जातो. १५० वॅटची इस्त्री, छिन्नीसारखं रुंद टोक, ६३/३७ सोल्डर, वरून भरपूर फ्लक्स. बुलेट लाकडाच्या ठोकळ्यातल्या भोकात उभा केला, कप आधी सोल्डरने अर्धा भरला, वायरचं टोक वेगळं टिन केलं आणि मग दोन्ही वितळलेलं असताना वायर आत दाबून धरली. सोल्डर निवेपर्यंत हात हलू द्यायचा नाही. मिलिव्होल्टची चाचणी पुन्हा: तिन्ही जोड्यांवर २६.

बॅटरीच्या वायरींचा जोड तोडला. पॅकची पट्टी पुढे सरकवली की मूळ लांबीच्या वायरी पुरतात, हे आधीच कुणी पाहायला हवं होतं. वायर लांब झाली की तिचं इंडक्टन्स, म्हणजे करंटच्या बदलाला होणारा विरोध, वाढतं. ईएससी सेकंदाला हजारो वेळा करंट चालू-बंद करतो. लांब वायरमधून बॅटरी तेवढ्या झटपट करंट देऊ शकत नाही, मग प्रत्येक वेळी ती तूट कपॅसिटर भरून काढतात आणि स्वतः तापतात. वायरी लांबवायच्याच असतील तर मोटरच्या बाजूच्या लांबवाव्यात. तिथे मोटरचं स्वतःचं इंडक्टन्स आहेच, थोडं वाढल्याने बिघडत नाही. फुगलेला कपॅसिटर बदलला आणि इनपुटवर लो-ईएसआर (आतला रेझिस्टन्स कमी असलेल्या) कपॅसिटरांचा एक जादा संच लावला, ६३ व्होल्टचे. ३३.६ व्होल्टच्या पॅकवर ३५ व्होल्टचा कपॅसिटर मला कधीच पुरेसा वाटत नाही. ब्रेक मारला की मोटरकडून उलट येणारी ऊर्जा व्होल्टेज वर ढकलते.

ईएससी उघडा होताच, तेव्हा मॉस्फेटही, म्हणजे करंट चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर, तपासून घेतले. आधी कपॅसिटर १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून रिकामे केले. मल्टिमीटर डायोड रेंजवर. लाल प्रोब बॅटरीच्या ऋण वायरवर, काळा आळीपाळीने तिन्ही फेजवर: ०.४४, ०.४५, ०.४४. मग काळा धन वायरवर, लाल तिन्ही फेजवर: ०.४६, ०.४५, ०.४६. प्रत्येक मॉस्फेटमध्ये एक अंगभूत डायोड असतो आणि मॉस्फेट जळाला की बहुतेक वेळा शॉर्टच होतो, त्यामुळे एखादं माप शून्याजवळ आलं तर त्या फेजचा मॉस्फेट गेला समजायचं. सहाही मापं जुळली. मॉस्फेटना हुकूम देणाऱ्या गेट ड्रायव्हरमधला दोष या चाचणीत दिसत नाही, तो मोटर फिरवल्यावरच कळेल.

१५ डिसेंबर

पहिल्यांदा वीज दिली. बॅटरी नाही, बेंच सप्लाय २५ व्होल्टवर, करंट मर्यादा ३ अँपिअर. कुठे शॉर्ट असेल तर सप्लाय स्वतःला आवरतो. ८एस पॅक आवरत नाही. पिनियन (मोटरच्या शाफ्टवरचं छोटं गिअर) काढलेला, मोटर मोकळी. हलक्या थ्रॉटलवर मोटर लगेच आणि गुळगुळीत फिरली, दोन्ही दिशांनी. सप्लायवर असताना ब्रेक मात्र मारायचा नाही: मोटरकडून परत येणारी ऊर्जा सप्लाय गिळू शकत नाही आणि व्होल्टेज उसळतं.

थ्रॉटलची रेंज नव्याने शिकवली. काकांनी मधे ट्रान्समीटर बदलला होता आणि त्यानंतर हे झालंच नव्हतं. न्यूट्रल थोडा सरकलेला होता. ट्रिगर सोडल्यावरही ईएससी हलका ब्रेक लावून ठेवत होता. तापण्यात याचाही वाटा असणार.

नंतर बॅटरी जोडून, गाडी स्टँडवर, चाकं अधांतरी, फेलसेफ, म्हणजे सिग्नल गेल्यावर गाडी आपोआप थांबणं, तपासला. थ्रॉटल थोडा दिलेला असताना ट्रान्समीटर बंद केला. चाकं थांबली. एवढ्या वजनाची गाडी या चाचणीशिवाय जमिनीवर ठेवूच नये. चाकं अधांतरी असताना पूर्ण थ्रॉटलही देऊ नये. मोठे टायर फुगतात आणि फाटून उडू शकतात.

२१ डिसेंबर

मैदान. जागेवरून उचलणं सुधारलंय. ट्रिगर अगदी हळू दाबला तर पहिल्या क्षणी एखादा बारीक झटका येतो, थरथर नाही. सेन्सर नसलेल्या मोटरकडून याहून फार अपेक्षा नाही.

भरधाव असताना मात्र गाडी दोनदा मेली, आणि दोन्ही वेळा वेगळ्या तऱ्हेने. हे वेगळेपण पकडता येण्यासाठी मी काकांना आधीच सांगून ठेवलं होतं: "काका, मोटर बंद पडली की थ्रॉटलशी झटू नका. लगेच स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवून बघा, चाकं ऐकतात का."

मला या सगळ्या कामातली सर्वांत महत्त्वाची चाचणी हीच वाटते, आणि तिला कोणतंही उपकरण लागत नाही. मोटर मेली पण स्टिअरिंग जिवंत असेल तर रिसीव्हर जागा आहे, रेडिओ ठीक आहे, आणि मोटर ईएससीने बंद केलीय: कमी व्होल्टेजमुळे, तापल्यामुळे किंवा मोटरशी ताल सुटल्यामुळे. यातलं नेमकं काय ते ईएससीच्या दिव्याची उघडझाप आणि त्याच्या आतली नोंद सांगते. मोटरबरोबर स्टिअरिंगही मेलं तर ईएससीच्या मॉस्फेटांचा आणि मोटरचा काही संबंध नाही. रिसीव्हरची वीज गेलीय किंवा सिग्नल. मग शोध बीईसी (रिसीव्हर आणि सर्वोला कमी व्होल्टेजची वीज देणारं सर्किट), सर्वो, स्विच, अँटेना यांच्याकडे वळवायचा.

पहिल्या वेळी कडक वळणावर पूर्ण थ्रॉटल असताना दोन्ही मेले आणि साधारण सेकंदाने परत आले. दुसऱ्या वेळी सरळ रस्त्यावर, पॅक अर्ध्याहून खाली गेल्यावर, फक्त मोटर मेली. म्हणजे "मधेच मरते" या एका तक्रारीत दोन दोष दडलेत.

२२ डिसेंबर

आधी वळणावरचं मरण. टेलिमेट्रीत (गाडीकडून ट्रान्समीटरला येणाऱ्या मापांत) रिसीव्हरचं किमान व्होल्टेज ३.९ दिसतंय. बीईसी ७.४ वर ठेवलेला आहे. म्हणजे मधे कुठेतरी निम्मं व्होल्टेज हरवतं.

गाडी खडबडीत फरशीवर उभी करून स्टिअरिंग टोकाला नेलं. सर्वो गुणगुणतो आणि गुणगुणतच राहतो. क्लॅम्प मीटरवर ६ अँपिअर. चाकं यांत्रिक टोकाला पोचलेली आहेत आणि सर्वो तरीही ढकलतोय. ट्रान्समीटरमध्ये स्टिअरिंगचे एंड पॉइंट (वळण्याची कमाल मर्यादा) दोन्ही बाजूंनी कमी केले, गुणगुण थांबेपर्यंत. आता टोकाला अर्ध्या अँपिअरच्या आत.

दुसरी बाब, वाट. ईएससीच्या बीईसीपासून बारीक वायर एका छोट्या स्विचमधून रिसीव्हरकडे, तिथून एक्स्टेंशन लीडने सर्वोकडे. छोट्या गाडीच्या सर्वोसाठी हे चालतं. एवढा सर्वो झटक्यात चाकं वळवताना काही क्षण १० अँपिअरच्या आसपास मागू शकतो, आणि तो सगळा करंट या बारीक वाटेने येतो. त्यात ईएससी स्वतः तापलेला आणि बॅटरीचं व्होल्टेज पूर्ण थ्रॉटलने खाली ओढलेलं.

वेगळा बीईसी लावला, ८एसला चालणारा, थेट मुख्य बॅटरीच्या कनेक्टरवरून. सर्वोची वीज जाड वायरने थेट त्याच्याकडून, रिसीव्हरची वेगळ्या वायरने त्याच्याकडूनच. सर्वोची फक्त सिग्नल आणि ऋण वायर रिसीव्हरला. ईएससीच्या थ्रॉटल प्लगमधली लाल वायर पिनसकट काढून टेपने गुंडाळली. दोन बीईसी एकमेकांना समांतर जोडायचे नाहीत, पण ऋण वायर सगळ्यांची सामायिक राहिलीच पाहिजे, नाहीतर सिग्नलला आधार उरत नाही. फरशीवर तीच चाचणी पुन्हा: रिसीव्हरचं व्होल्टेज ७.१ च्या खाली येत नाही.

२८ डिसेंबर

ईएससीच्या आतल्या नोंदी लॅपटॉपवर उतरवल्या. काकांच्या जुन्या फेऱ्या अजून त्यात होत्या, त्यामुळे आधीचं आणि नंतरचं शेजारी ठेवून पाहता आलं. रिपल, म्हणजे इनपुट व्होल्टेजमधली वरखाली, आधी ५.२ व्होल्टपर्यंत जात होती. वायरी आखूड केल्यावर आणि जादा कपॅसिटर लावल्यावर २.१.

कमाल रिपल पूर्ण थ्रॉटलला नाही. जुन्या आणि नव्या दोन्ही नोंदींत शिखर निम्म्याच्या आसपासच्या थ्रॉटलवर, चढाला किंवा गवतात जोर लावताना आहे. पूर्ण थ्रॉटलला ईएससीची चालू-बंद चिरफाड जवळपास थांबते आणि करंट सलग वाहतो. अर्ध्या थ्रॉटलवर तो सर्वांत जास्त तुकड्यांत येतो. "मी कधी पूर्ण थ्रॉटल देतच नाही" म्हणणाऱ्याचेही कपॅसिटर फुगतात ते यामुळे.

सरळ रस्त्यावर मोटर मेली त्या क्षणाची नोंद: करंट १५० अँपिअर, व्होल्टेज २६.८. कट-ऑफ (ज्या व्होल्टेजला ईएससी मोटर बंद करतो) सेलमागे ३.४ वर, म्हणजे एकूण २७.२ वर लावलेला. ईएससीने सांगितलेलं काम चोख केलंय. प्रश्न बॅटरीचा आहे.

२९ डिसेंबर

चार्जरवर प्रत्येक सेलचा अंतर्गत रेझिस्टन्स मोजला, दोन्ही पॅक खोलीच्या तापमानाला. सात सेल २.१ मिलिओहमच्या आसपास. दुसऱ्या पॅकमधला तिसरा सेल ६.४.

हिशेब नोंदीशी तंतोतंत जुळतो. पॅक विश्रांतीत ३०.० व्होल्टवर, म्हणजे सेलमागे ३.७५. १५० अँपिअरला निरोगी सेल ०.३२ व्होल्ट खाली येऊन ३.४३ वर, दुबळा सेल ०.९६ ने कोसळून २.७९ वर. बेरीज सुमारे २६.८. ईएससी फक्त बेरीज पाहतो. त्यातला एक सेल तीनच्या खाली गेलाय हे त्याला दिसत नाही. काकांनी कट-ऑफ कमी करून घेतला असता, आणि तसं सुचवणारे खूप असतात, तर गाडी मेली नसती आणि तो सेल आणखी खोल जाऊन फुगला असता.

काकांना फोन केला. "काका, मोटर घ्यायची नाही. एक पॅक मात्र बाद करावा लागेल." ते म्हणाले, एकच घेऊ का. सिरीजमध्ये दोन पॅक एकाच क्षमतेचे आणि एकाच वयाचे हवेत, म्हणून दोन्ही नवे घ्या, जुन्यातला चांगला पॅक हलक्या गाडीला वापरा, असं सांगितलं.

४ जानेवारी २०२५

नवे पॅक. मरणं थांबलंय, दोन्ही तऱ्हांचं. उरलं तापणं. गवतावर आठ मिनिटांनी मोटरच्या डब्यावर १०४ अंश. ईएससी ६१, म्हणजे ठीक. डबा १०४ असेल तर आतलं वाइंडिंग आणि रोटर त्याहून गरम असणार. साध्या प्रतीचे निओडिमियम चुंबक ८० अंशांपर्यंतचेच असतात. मोटरमध्ये वरच्या प्रतीचे वापरतात, १२० किंवा १५० अंशांचे, पण या मोटरवर प्रत लिहिलेली नाही. म्हणून मी डब्यावर ९० ही माझी मर्यादा धरतो. शिवाय तांबं अंशामागे सुमारे ०.३९ टक्क्याने रेझिस्टन्स वाढवतं. ८० अंश चढलं की सुमारे ३१ टक्के. तेवढ्याच करंटला आता आणखी उष्णता. तापलेली मोटर स्वतःलाच तापवत नेते.

पिनियन काढून चाकं हाताने फिरवली. मधल्या डिफरन्शियलचं एक बेअरिंग घसटतं, बदललं. गिअरची जाळी फार घट्ट होती. कागदाची पट्टी मधे घालून नव्याने बसवली. पण मुख्य गुन्हेगार पिनियनच. मूळ २२ दातांचा, मागच्या मालकाने २६ चा लावलेला. स्पर (पिनियनला जुळणारं मोठं गिअर) ५४ दातांचा, डिफरन्शियलचं गुणोत्तर ४. पूर्ण चार्जला मोटर बिनओझं मिनिटाला सुमारे २४,५०० फेरे. १९ सेंटिमीटरच्या टायरवर २६ दातांनी कागदावर ताशी सुमारे १०६ किलोमीटर येतात, २२ दातांनी ८९. गवतावर यातला कुठलाच वेग गाठला जात नाही, म्हणजे जादा दातांचा वेग मिळत नाही, ओझं मात्र मिळतं. चाकाला तेवढीच ओढ द्यायची तर २२ दातांना करंट सुमारे १५ टक्के कमी लागतो, आणि वाइंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाने बदलत असल्याने ती सुमारे २८ टक्के कमी.

२२ लावला. ईएससीचं टायमिंग (पुढचा टप्पा किती आधी टाकायचा ते) कमाल पायरीवर होतं, तेही मधल्या पायरीवर आणलं. टायमिंग वाढवल्याने वरचा वेग थोडा मिळतो आणि त्याची किंमत उष्णतेत मोजावी लागते. जड गाडीत हा सौदा मला पटत नाही.

५ जानेवारी

तेच गवत, तेच अंतर: डब्यावर ७८ अंश. काका म्हणाले, "जोर तर वाढल्यासारखा वाटतोय." वाढलाय खरंच, चाकापाशी.

मोटर इतकी तापून गेलीय म्हणून ड्रिलची चाचणी पुन्हा घेतली. ५० हर्ट्झला तिन्ही जोड्यांवर १.४४ ते १.४५. चुंबकांनी काही गमावलेलं नाही.

११ जानेवारी

गाडी परत देण्याआधीची मांडणी. कट-ऑफ सेलमागे ३.४, तसाच. टायमिंग मधलं. ड्रॅग ब्रेक (ट्रिगर सोडल्यावर लागणारा हलका ब्रेक) शून्य. सुरुवातीचा पंच (निघतानाचा जोर) मधल्या पायरीवर. तो वाढवला तर उभ्या गाडीला पहिल्याच टप्प्यात मोठा करंट बसतो, आणि कमी केला तर गवतात रोटर हलायच्या आधीच ताल सुटतो. बॅटरीला अँटी-स्पार्क कनेक्टर लावले. जादा कपॅसिटरांमुळे जोडतानाची ठिणगी मोठी झाली होती आणि ठिणगीने खड्डे पडलेला कनेक्टर काही महिन्यांत क च्या बुलेटसारखाच तापू लागतो.

चढावर अगदी रांगत्या वेगाने जाताना अजून एखादा झटका येतो. तो जायला सेन्सर असलेली मोटर आणि ते सेन्सर वाचणारा ईएससी लागेल. काकांना रांगत चालवायचं नसतं, म्हणून ते सोडून दिलं.

बुलेटची मिलिव्होल्ट मापं आणि ड्रिलचे आकडे कागदावर लिहून गाडीच्या डब्यात ठेवलेत. मोसम संपला की हीच मापं पुन्हा घ्यायची. पिनियनच्या ग्रब स्क्रूला थ्रेडलॉक लावलाय. पहिल्या दोन पॅकनंतर तो एकदा तपासायला काकांना सांगितलंय.